गटाराच्या दाराचे चोवीस फेरे

माझ्या भावाला सगळे गोगलगाय म्हणायचे, आणि ते नाव ठेवलं मीच. लहानपणी आईनं त्याला पाण्याला धाडलं की हा पठ्ठ्या परत येईस्तोवर चूल विझायची. मी पडले नाकावर राग घेऊन फिरणारी. एकाच आईच्या पोटची आम्ही, पण घाई सगळी माझ्या वाट्याला आली आणि सबुरी सगळी त्याच्या.

त्याला कामही तसंच मिळालं. शहराचं घाण पाणी एका मोठ्या भुयारी गटारातून बंदराकडे जायचं, आणि ते समुद्राला मिळायचं तिथे लोखंडी दार होतं. भरतीला दार खाली, नाहीतर समुद्रच गटारात शिरायचा. ओहोटीला दार वर, म्हणजे घाण वाहून जायची. ते दार वर-खाली करायचं चाक माझ्या भावाच्या हातात. पुरते चोवीस फेरे. आमचे हे त्याच गटारात उतरून गाळ काढायचे, ओहोटीच्या चार तासांत, आणि मी वर उभी राहून बादल्या ओढायचे. दार पाडायच्या आधी भाऊ घंटा वाजवायचा, मी झाकणावर काठी आपटायचे, आणि माणसं वर यायची. त्या एका घंटेवर आमचं घर चाललं होतं.

त्या दिवशी कोणी बडा साहेब जहाजातून उतरणार होता. धक्क्यावर लाकडी मंच, त्यावर लाल गालिचा, बाजूला बँड. मंच नेमका गटाराच्या दुसऱ्या झाकणावर उभा केलेला. हे म्हणाले, "असू दे, आज एकाच तोंडानं ये-जा करू." जहाज दुपारी यायचं होतं. ते सकाळीच आलं.

बँड सुरू झाला आणि खालून ह्यांच्या जोडीदाराची हाक आली. मी दोर ओढला. गडी छातीपर्यंत भिजून वर आला.

"पाणी चढतंय, वहिनी. दार पडलंय."

"आणि हे?"

"पन्नास पावलं आत, मंचाखालच्या झाकणापाशी. मी हाका मारल्या, पण पाणी मधे आलं."

घंटा तर झालीच नव्हती. त्याला म्हटलं, दोर सोडून हलायचं नाही, आणि मी मंचाकडे धावले. शिपायानं काठी आडवी धरली. मी म्हटलं, खाली माणूस आहे. तो म्हणाला, वर साहेब येतोय. हात जोडून पाहिले, मग शिव्या देऊन पाहिल्या. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. फळ्यांखालून हे ओरडत असतील, आणि वर बँडवाले गाल फुगवून फुंकत होते. मी पदर खोचला आणि दाराकडे पळत सुटले.

भाऊ चाकापाशी बसला होता.

"दार कुणी पाडलं?"

"मीच. मुकादम डोक्यावर उभा होता. साहेबाच्या डोळ्यांसमोर काळं पाणी यायला नको, असा हुकूम आहे म्हणाला. घंटाही नको, बँड बिघडतो."

"आणि खालची माणसं?"

"वर आली म्हणाला. मी दोनदा विचारलं, ताई."

"तुझे दाजी आत आहेत."

तो उठला आणि त्यानं चाकाला हात घातला. हुकूम मोडला की नोकरी जाणार, आणि खोली नोकरीची म्हणून तीही जाणार, हे त्याला ठाऊक होतं. तरी क्षणभरही थांबला नाही. पण एक फेरा दिला आणि मग थांबला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायला लागला.

"काय करतोयस?"

"मोजतोय. दर फेऱ्याला वीस."

"मेल्या, तो तिकडे बुडतोय."

"पाणी तुंबलंय, ताई. एकदम सोडलं तर त्यांना ओढून आणून या दारापुढच्या जाळीवर आपटेल. हळूच सोडायला हवं." आणि दुसरा फेरा. परत एक, दोन, तीन.

मला सगळं ऐकू आलं, पण डोक्यात काही शिरलं नाही. मला फक्त लहानपणचा तो दिसत होता, हातात रिकामी कळशी घेऊन रमतगमत चाललेला. मी त्याला बोलू नये ते बोलले. म्हटलं, नोकरीसाठी चाललंय हे तुझं. म्हटलं, आईनं दगड जन्माला घातला. म्हटलं, माझा नवरा गेला तर मला भाऊही नाही. तो "चौदा, पंधरा" म्हणत राहिला. पाचव्या फेऱ्याला मी त्याला खांद्यानं ढकललं आणि अंगातला सगळा जोर लावून चाक फिरवलं. दोन फेरे गेले. खालून असा आवाज आला की पायाखालचा दगड थरथरला.

भावानं मला धरून बाजूला फेकलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं माझ्या अंगाला हात लावला. मी पडले तिथून पाहिलं, त्यानं ते दोन्ही फेरे उलटे फिरवले आणि पुन्हा मोजायला लागला.

तोवर काळ्या पाण्याचा पट्टा जहाजाच्या दिशेनं निघाला होता. मुकादम धावत आला आणि वेत काढून भावाच्या पाठीवर मारत सुटला. मी मुकादमाचे पाय धरून लोंबकळले, तरी तो मारतच होता. भावानं चाक सोडलं नाही. त्याचं मोजणंही चुकलं नाही. चोविसावा फेरा झाला तेव्हा दोन शिपाई त्याला धरायला आले होते. जाता जाता तो मला म्हणाला, "इथे काय करतेस? दोराकडे जा."

हे जिवंत होते. पाणी उतरताच जोडीदारानं आत जाऊन त्यांना आणलं होतं. पोटातलं घाण पाणी ओकून झाल्यावर हे म्हणाले, "मेव्हण्यानं उघडलं ना? भिंतीतली कडी धरून होतो, नाकापर्यंत पाणी. हळूहळू उतरलं म्हणून राहिलो. मधेच एकदा असा हिसका बसला की एक हात सुटला. वाटलं, संपलं. मग पाणी परत मऊ झालं."

मी त्यांचं तोंड पुसत राहिले. तो हिसका माझा होता. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. भावानंही नाही.

भावाला तीन महिने आत ठेवलं. खोली गेली, नोकरी गेली. ह्यांच्या छातीत ती घाण जी बसली ती बसलीच. आता दहा पावलं चालले की खोकत खाली बसतात. भाऊ सुटून आमच्याकडे आला. दुसरं काम कोण देतो? ह्यांच्या जागी तोच गटारात उतरतो. मी माफी मागायला गेले तर म्हणाला, "चहा कर ताई, सावकाश कर." मी चुलीपाशी बसून खूप रडले.

दारावर नवा माणूस आलाय. चपळ आहे. चोवीस फेरे एका दमात फिरवतो, आणि मुकादम त्याची पाठ थोपटतो. म्हणून मी बादल्या जोडीदाराच्या बायकोला दिल्या. रोज ओहोटीला मी चाकाजवळ येऊन बसते आणि त्याच्या कानाशी वीस-वीस मोजते. तो हसतो. म्हणतो, आली गोगलगाय. म्हण बाबा.

आज बंदरात पुन्हा पताका लागल्या आहेत. बँडवाले मंचाजवळ जमलेत. भाऊ खाली आहे, आणि मुकादम धक्क्यावरून इकडेच येताना दिसतोय. नवा माणूस उठून उभा राहिला. मी घंटेचा दोर मनगटाला दोन वेढे देऊन बांधला आहे.