पुतळीचा अंगठा

मी अंगठा उठवायची शाईची डबी बोलतेय गो. जरा लांब बस, नायतर पदर निळा होईल नि मला शिव्या घालशील.

जन्म कुठं झाला ठाऊक नाय. डोळं उघडलं तवा पेणच्या एका हास्पिटलात टेबलावर होते. शिकलेली माणसं मला बघून नाक मुरडतात. अंगठेवाले मुकाट बोट बुडवतात, मग केसाला पुसतात. मला लय हसू येतं.

एकदा मात्र हसू आलं नाय. मिठागरावरचा पुंडलिक वार्डात वारला. धडधाकट माणूस, चक्कर येऊन पडला तो उठलाच नाय. डॉक्टर सुरभी म्हणाली, का गेला ते कळत नाय, शवविच्छेदन करून आतून बघू द्या. पोलीस केस नाय, तुम्ही नको म्हणालात तर हात लावणार नाय.

त्यांच्यात बोलायचं ते थोरल्यानं. थोरला भाऊ विठू, त्यानं नको म्हणून ऐटीत सही ठोकली. पुंडलिकची बायको पुतळी त्याच्या पाठी, डोकीवर पदर.

सुरभीनं कागद परत सरकवला. "काका, बायको आहे ना त्यांची. आधी तिला विचारायचं."

विठू तापला. फाडलेलं अंग घेऊन भाऊ वर कसा जायाचा, म्हणाला.

पुतळी हळूच बोलली, "माझ्या मिथुनलाबी चक्कर येते. धाटावला कंपनीत पडला होता. त्याचं काय कळंल का ह्यातून?"

"कळेलच असं नाही सांगत. कळू शकतं."

पुतळी दिराकडं वळली. "भावजी, ह्यांनी पोराला कधी नाय म्हटलं नाय. आता मी कशी म्हणू?" मग सुरभीला म्हणाली, "टाके बारीक घाल गो. जाडंभरडं शिवलेलं त्यांना चालायचं नाय."

तीबी मिठागरावर राबायची, मिठानं तिच्या अंगठ्याच्या रेघा खाल्लेल्या. नुसता डाग उठला. मी होती नव्हती ती शाई वर काढली, तवा दुसऱ्या खेपेला ठसा नीट उठला. विठूनं खांद्यावरचा टॉवेल घेऊन तिचा अंगठा पुसला, नि साक्षीदार म्हणून सही केली. ह्या खेपेला ऐट नव्हती.

काळजाचं दुखणं निघालं, बापाकडनं पोराकडं येणारं. मिथुनला गोळ्या चालू झाल्या.

मी आता सुकलेय, आज-उद्या कचऱ्यात जाईन. एवढं ऐका माझं. अशी वेळ आली तर पाठी उभ्या बाईला पुढं घ्या, नि तिला बोलायला जरा वेळ द्या.

मिथुन परवा तपासून घ्यायला आला होता. जिना धावत चढत होता. पुतळी खालनं वरडतेय, हळू जा रे मेल्या. पोरगा ऐकतोय कुठला.