नऊ घरं बंद

कॉलनीत घरं एकशे चाळीस, आणि त्या एकशे चाळीस घरांना सूचनाबाईंचा धाक. त्यांचं खरं पद सेक्रेटरीचं, पण ते कागदावर. गेटजवळच्या काळ्या फळ्यावर रोज सकाळी सातला खडूने सूचना लिहायची आणि तीच मग फोनवरच्या ग्रुपवर टाकायची, हा नेम त्यांनी अकरा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा. सात नंबरचं मांजर हरवलंय, डाव्या कानावर डाग आहे. तिसऱ्या गल्लीत पाइपसाठी चर खणलाय, मुलांना सांभाळा. लोक पाठीमागे नावं ठेवायचे, हसायचे, आणि कुठे खुट्ट झालं की पहिला फोन त्यांनाच करायचे. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाई. त्यांच्या अक्षरात लिहिलेलं खोटं असू शकतं, हे कुणाच्या मनातही येत नसे.

त्यांचे यजमान म्हणजे मीटरकाका. वीज कंपनीत चौतीस वर्षं मीटर रीडर होते. खांद्याला पिशवी, खिशाला पेन, हातात वही, आणि डोक्यात दीड हजार घरांचे मीटर नंबर. कॉलनीतली माणसं गंमत म्हणून विचारायची, "काका, आमचा नंबर सांगा बघू," आणि काका चालता चालता घडाघडा म्हणून दाखवायचे. लग्नाची तारीख विसरायचे, ते बाईंनी केव्हाच माफ केलं होतं.

मग खरोखरचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग आंघोळ झाली की नाही ते, मग घराची गल्ली. तोवर बाईंनी निभावून नेलं. पण एकदा कमिटीची मीटिंग घरी भरली होती, आणि काका बनियनवर बाहेर आले. सगळ्यांना नमस्कार करून त्यांनी बाईंकडे बोट दाखवलं आणि फार अदबीने विचारलं, "या बाई कोण? आमच्या घरात कशा काय?"

कोणीतरी हसलं. वाईट हेतूने नाही, माणसाला आधी हसू येतं आणि मागून कळतं. बाईंनीही हसण्यावारी नेलं, चहा दिला, मीटिंग संपवली. मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडून त्या रडल्या. ज्या माणसाची सगळी कॉलनी परीक्षा घ्यायची आणि जो कधी नापास झाला नाही, त्याला आता ही माणसं हसणार, हे त्यांना सोसवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी भेटेल त्याला सांगितलं, "हे मुलीकडे गेलेत. हवापालटाला."

ते आठ महिने चाललं. पुढच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले, टीव्हीचा आवाज बारीक, बाहेर पडताना दाराला कुलूप. मुलगी फोनवर कळवळून म्हणायची, "आई, ग्रुपवर टाक ना. बाबांचा फोटो टाक. चुकून बाहेर पडले तर कोणी हाताला धरून आणून सोडेल."

"बघू," बाई म्हणायच्या.

"मांजराचं टाकलंस!"

"मांजराला कोणी हसत नाही," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. एकदा मात्र त्यांनी ती सूचना वहीत लिहिली होती. चार ओळी. दोनदा वाचली, आणि पान फाडून कचऱ्यात टाकलं.

त्यातच शेजारच्या कॉलनीत चोरी झाली. मीटर बघायला आलोय म्हणून एक जण दारात उभा राहिला, पाणी मागितलं, आणि म्हातारी पाणी आणायला आत वळली तेवढ्यात त्याने कपाट साफ केलं. एकशे चाळीस घरांचे फोन बाईंना. त्या सकाळी काकांचं डोकं नेमकं स्वच्छ होतं. बाईंनी सहज विचारलं, "अहो, खरा मीटरवाला ओळखायचा कसा?"

काका खुर्चीत ताठ बसले. कित्येक महिन्यांनी कुणी त्यांना त्यांच्या कामाचं काही विचारत होतं. "लिहून घे," ते म्हणाले. "एक, खरा मीटरवाला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. दोन, मागायच्या आधी ओळखपत्र दाखवतो. आणि तीन, पाणी मागत नाही. स्वतःची बाटली असते त्याची. पाणी मागितलं की समजायचं, यात काहीतरी काळंबेरं आहे."

बाईंनी जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं, आणि खाली स्वतःची भर घातली: दार उघडू नका, बोलू नका, लगेच ग्रुपवर कळवा. लिहिताना त्यांचा ऊर भरून आला होता. नाव नसलं तरी ही सूचना त्यांच्या नवऱ्याची होती. तासाभराने त्यांनी कौतुकाने काकांना ते सांगितलं, तर काका म्हणाले, "कुठला मीटर?"

पुढच्या आठवड्यात कमिटीची मीटिंग होती, आता गेटजवळच्या ऑफिसात. दुपारचे तीन, ऊन नुसतं भाजत होतं. काका झोपलेले बघून बाईंनी पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घेऊन त्या निघाल्या. घरापासून ऑफिस जेमतेम साठ पावलं. मागच्या दाराची कडी त्यांनी सकाळी कपडे वाळत घालताना काढली होती, ती तशीच राहिली.

साडेतीनला फोन वाजू लागला. नव्या गल्लीतून. ही गल्ली गेल्याच वर्षी वसलेली, तिथली माणसं तरुण, कामाची, आणि बाईंच्या सूचना सगळ्यात मन लावून पाळणारी. "एक म्हातारा मीटरच्या पेट्या उघडून बघतोय. वहीत काहीतरी लिहितोय." लगेच दुसऱ्या घरातून: "आमच्याकडे बेल वाजवली. पाणी मागतोय." मग तिसरं घर: "पाणी मागतोय!! नाही उघडलं."

"बघा," खजिनदार म्हणाले, "तुमची सूचना कशी वेळेवर आली."

मग फोटो आला. वरच्या मजल्यावरून, खिडकीच्या गजांमधून काढलेला. मोठ्या काठाची उन्हाची टोपी, वाकलेली पाठ, खांद्याला पिशवी. बाईंनी फोटो बघितला. त्यांनी मूठ आवळली, मुठीत किल्ली होती. कुलूप लावलंय, त्यांनी स्वतःला सांगितलं. कुलूप मी स्वतः लावलंय.

तेवढ्यात नव्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. त्या नव्या गल्लीत यायच्या आधी पहिल्या गल्लीत भाड्याने राहायच्या. "बाई, पाठमोरे अगदी तुमच्या मिस्टरांसारखे दिसतात हो. पण ते मुलीकडे आहेत ना?"

एकशे चाळीस घरं तो प्रश्न वाचत होती. साठ पावलं चालून घरी बघून यायला दोन मिनिटं लागली असती. पण मग सगळे विचारणार, घरी काय बघायला गेलात? मुलीकडे गेलेला माणूस घरात कसा शोधताय? समोर खजिनदार बसलेले, आणि त्या दिवशी हसणारा तो माणूसही तिथेच. बाईंनी टाइप केलं, "हो, ते मुलीकडेच आहेत. कोणीही दार उघडू नये. वॉचमनला पाठवत आहे."

आणि त्यांनी वॉचमनला पाठवलं.

वॉचमन जुना माणूस, काकांना चांगला ओळखणारा. पण तो गल्लीच्या टोकावर होता आणि समोर दिसत होती ती टोपी. त्याने लांबूनच शिट्टी फुंकली. काका दचकले. त्यांच्या आयुष्यात कधी कोणी त्यांच्यावर शिट्टी फुंकली नव्हती. वही छातीशी धरून ते उताराने भराभरा निघाले, एकदा मागे बघितलं, आणि तिसऱ्या गल्लीच्या वळणावर पाइपच्या चरात पडले.

त्या चराची सूचना फळ्यावर पंधरा दिवस होती. सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. घरात सांगायचं तेवढं राहिलं होतं.

वॉचमन धावत ऑफिसात आला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. "बाई," तो म्हणाला, "बाई, तो चोर नाहीये हो. आपले काका आहेत." बाई उठल्या. त्यांच्या मुठीतली किल्ली तळहातात रुतली होती, ते त्यांना हॉस्पिटलात नर्सने हात उघडून दाखवला तेव्हा कळलं.

काका वाचले. खुब्याचं हाड मोडलं होतं, ते ऑपरेशनने बसवलं, पण यापुढे चालणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलगी आली. ती बाबांच्या पलंगाशी बसून राहिली. नव्या गल्लीतली माणसं एकेक करून भेटून गेली, खाली मान घालून उभी राहिली. डॉक्टरीणबाई तर दारातच रडायला लागल्या. "मी खिडकीतून बघत होते हो. ते तीनदा म्हणाले, घोटभर पाणी द्या. मला वाटलं, उघडावं. पण तुम्ही लिहिलं..." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मी लिहिलं होतं."

काकांची वही वॉचमनने चरातून काढून आणून दिली होती. बाईंनी ती उघडायला आठवडा घेतला. आत नव्या गल्लीतली नऊ घरं, त्यांच्या त्या जुन्या रेखीव अक्षरात. मीटर नंबर, रीडिंग, तारीख. तारीख वीस वर्षांपूर्वीची. खजिनदारांना राहवलं नाही, ते वही घेऊन पेट्यांपाशी जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "बाई, मीटर नंबरातला एकही आकडा चुकलेला नाही," ते म्हणाले. प्रत्येक नोंदीपुढे शेऱ्याच्या रकान्यात काकांनी एकच शेरा लिहिला होता, मीटर रीडर लोक दार न उघडणाऱ्या घरापुढे लिहितात तो. घर बंद. घर बंद. असं नऊ वेळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाई फळ्यापाशी गेल्या. ओल्या फडक्याने मीटरवाल्याची सूचना पुसली आणि नवी लिहिली. "एक नंबरच्या घरातले मीटरकाका आठ महिन्यांपासून घरीच आहेत. ते मुलीकडे गेल्याचं मी खोटं सांगितलं होतं. त्यांना आता आठवत नाही. ते कुठे दिसले तर पाणी द्यावं आणि हाताला धरून घरी आणावं. सेक्रेटरी." खाली तारीख घातली. तीच सूचना ग्रुपवर टाकली.

वॉचमनने फळा वाचला. मग चाचरत म्हणाला, "पण बाई, काका आता कुठे दिसणार? त्यांना तर उठताच येत नाही."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पुसू नकोस."

त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं. लोकांनी नको नको म्हटलं, पण फार आग्रहही केला नाही. आता घराचे पडदे उघडे असतात, दार दिवसभर सताड उघडं असतं, आणि येणाराजाणारा आत डोकावून "काका, आमचा नंबर?" असं विचारतो. काका कधी सांगतात, कधी नुसते बघत राहतात. हसत मात्र कोणी नाही. कोणी हसलंच नसतं, हे बाईंना आता कळतं, आणि कळून काही उपयोग नाही.

दुपारी चारच्या सुमाराला बाई पाण्याचा पेला घेऊन पलंगाशी खुर्ची ओढतात. काका पाणी पितात आणि रोज तेच सांगतात. बायको कोण, मुलगी कोण, सगळं पुसलं गेलंय. ती एक दुपार मात्र काही केल्या पुसली जात नाही.

"आज नऊ घरं बंद होती हो, बाई," ते म्हणतात.

पहिल्या दिवशी बाईंनी धीर करून खरं सांगून टाकलं होतं. "मीच सांगितलं होतं, दार उघडू नका म्हणून. मला वाटलं, चोर आहे." काकांनी विचार केला, आणि बाईंच्या हातावर हात ठेवला. "मग बरोबर केलंत तुम्ही. लोकांना सावध करायलाच हवं. तुम्हाला काय माहीत, मी होतो ते." बाई ओक्साबोक्शी रडल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी चारला काका पाणी प्यायले आणि म्हणाले, "आज नऊ घरं बंद होती हो, बाई."

परवा बाई फार थकल्या होत्या. रात्रीची झोप नव्हती, पाठ धरली होती, आणि तेच पुन्हा तोंडाने म्हणायचं त्राण नव्हतं. त्या म्हणाल्या, "सुट्टी होती ना. माणसं बाहेरगावी गेली असतील."

काकांनी पेला खाली ठेवला. चौतीस वर्षं काम केलेल्या माणसाने अडाण्याकडे बघावं, तसं त्यांनी बाईंकडे बघितलं.

"नाही हो," ते म्हणाले. "मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. म्हणजे आत पंखे चालू होते. नऊच्या नऊ घरांत माणसं होती."

बाईंनी खुर्ची आणखी जवळ घेतली. "होती," त्या म्हणाल्या. "ऐका. मी सांगते, त्यांनी दार का नाही उघडलं ते."