एकशे चाळीस नंबरची कबर

"एकवीस मीटर साठ!" ओंकार खालून ओरडला.

"काय?" सुमैरा कबरस्तानच्या भिंतीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. "काल अठरा चाळीस होतं. टेप नीट धर की!"

"नीटच धरलीय. तूच वही नीट बघ."

सुमैराने वही पाहिली. नंबर एकशे चाळीस, पूर्वेच्या कोपऱ्यापासून अठरा मीटर चाळीस. काल तिनेच लिहिलं होतं, तिच्याच वळणदार अक्षरात. एका रात्रीत कबर तीन मीटर सरकली होती, आणि कबरी तर काही चालत नाहीत.

काष्टीजवळच्या या गावात बायका कबरस्तानात पाऊल ठेवत नाहीत. भिंतीवर बसायला मात्र कुणाची बंदी नव्हती, म्हणजे तसं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या सुमैराने नकाशाच्या प्रकल्पासाठी नेमकी हीच जागा निवडली, तेव्हा जमातीतले दोन-तीन म्हातारे कुरकुरले. पण नव्या कबरीसाठी खोदताना जुनी लागते ही गावाची जुनी अडचण होती, त्यामुळे ते गप्प बसले. आत फिरायला तिच्या नगरच्या कॉलेजातला ओंकार आला होता. कोणती कबर कुणाची हे सांगायला कमरुद्दीनचाचा होते. चाळीस वर्षं गावातली प्रत्येक कबर त्यांनीच खोदलेली. कबरी कच्च्या, डोक्याशी एक दगड, त्यावर नाव नाही. गावातली सगळी गेलेली माणसं चाचांच्या डोक्यात राहत होती.

पहिल्यांदा दोघांनी मोबाईलवरच जागा टिपल्या आणि चांगलं हसं करून घेतलं. पडद्यावर सात कबरी सरळ डांबरी रस्त्यात आल्या. सरांनी विचारलं, "तुमच्या गावात माणसं रस्त्यात पुरतात का गं?" मोबाईल चार-पाच मीटर सहज चुकतो आणि कबर असते दोन मीटरची. म्हणून आता भिंतीचे दोन कोपरे पक्के धरायचे, प्रत्येक कबरीपासून दोन्ही कोपऱ्यांपर्यंत टेप लावायची, आणि दर दहावी कबर दुसऱ्या दिवशी चाचांना नव्याने दाखवायला सांगून परत मोजायची, असा सरांचा शिरस्ता होता. एकशे वीस जुळली, एकशे तीसही जुळली. एकशे चाळीस मात्र जुळेना.

आणि एकशे चाळीस नेमकी बानूफुफीच्या मुलीची होती.

फुफी म्हणजे सुमैराच्या वडिलांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली, ती इथलीच झाली. तिची एकुलती एक मुलगी सव्वीस वर्षांपूर्वी जन्मली आणि पाच दिवसांत गेली. भिंतीपलीकडे ती कुठे आहे, हे फुफीने कधी पाहिलं नव्हतं. दर शब-ए-बरातला, गेलेल्यांसाठी दुआ मागायच्या रात्री, ती चाचांच्या हाती फुलं द्यायची. प्रकल्पाचं कळल्यापासून मात्र तिने सुमैराचा पिच्छा पुरवला होता. "मला बोट ठेवून दाखवशील ना? एवढंच दाखव गं. दुसरं काय नको मला." सुमैराने छातीठोकपणे हो म्हटलं होतं.

"चाचा," तिने वरून हाक मारली, "काल तुम्ही लिंबाच्या अलीकडं दाखवली होती ना? आज पलीकडं कशी?"

कमरुद्दीनचाचा टोपी काढून उभे राहिले. मग हळूहळू चालत भिंतीपाशी आले आणि मान वर न करता बोलले.

"पोरी, मला ठावं न्हाई."

"म्हंजे?"

"ती गेली त्याच साली परतीचा पाऊस लई झाला. ह्या कोपऱ्यात समदी ल्हान पोरंच हायेत, अकरा. माती खचली, दगडं वाहून गेली. मोठ्यांच्या कबरी वळखू आल्या. पोरांच्या... ईतभर तर असत्यात."

"मग फुलं?"

"बानू दर साली इचारायची, ठेवलीस का? मी म्हनायचो, ठेवली. ठेवायचो बी. आज हितं, पुढल्या साली तितं." त्यांनी हातातली टोपी उलटीपालटी केली. "तिला कसं सांगू, तुझी पोरगी माज्याकडनं हरवली म्हनून?"

सुमैराला त्यांचा रागही आला आणि दयाही आली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण आता फुफीला सांगायचं तिच्यावर आलं होतं.

ओंकार भिंतीला टेकून उभा राहिला. "टाक एक टिंब लिंबाखाली. आत कोन बघायला येतंय?"

खरंच, कोण येणार होतं? सुमैराने टिंब टाकलंही. लिंबाच्या सावलीत, शोभून दिसेल असं. फुफी त्यावर बोट ठेवेल, रडेल आणि शांत होईल. वाईट काय होतं त्यात? पण वहीतले दोन आकडे समोर होते, अठरा चाळीस आणि एकवीस साठ, आणि दोन्ही खोटे होते. चाचांचं खोटं निदान फुलांबरोबर सुकून जात होतं. तिचं नकाशात कायमचं राहिलं असतं, जमातीच्या कपाटात, कॉलेजच्या शिक्क्यासकट. तिने टिंब पुसलं. त्या कोपऱ्यातली उरलेली दहा टिंबंही पुसली आणि त्या जागेभोवती एकच रेघ ओढली. आत लिहिलं, 'लहान मुलं, अकरा. नेमकी जागा माहीत नाही.'

संध्याकाळी बानूफुफी हात पुसत लॅपटॉपसमोर येऊन बसली, अंगावर धुतलेली ओढणी घेऊन. सुमैराने भिंत दाखवली, फाटक दाखवलं, लिंब दाखवला. मग कोपरा आला.

"हितं हाय. पन फुफी, ह्यातली कुठली... कुनालाच ठावं न्हाई. चाचांनाबी न्हाई."

फुफीने रेघेवरून बोट फिरवलं, सावकाश, पूर्ण एक वेढा.

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. "फुलं घेताना कमरुद्दीन माझ्याकडं बघायचा न्हाई. कदी सुदिक न्हाई."

"मग कुठं हाय त्ये इचारलं का न्हाईस?"

"इचारलं असतं तर त्यानं फुलं नेली नसती." फुफीने बोट उचललं. "एकटी न्हाई ना ती. धा जनं हायेत संगतीला. बरं हाय." मग पडद्याकडे वाकून म्हणाली, "ह्यांची नावं असत्यात व्हय, आत?"

सुमैराने यादी उघडली. "सगळ्यांची हायेत."

"तिचं काय लिवलंस?"

चाचांनी सांगितलं तसंच सुमैराने लिहिलं होतं, 'बानूची मुलगी.' पाच दिवसांच्या पोरीचा सातव्या दिवशीचा अकीका झाला नव्हता, म्हणून नाव ठेवलं गेलं नव्हतं. घरातही तिला सगळे 'बानूची पोरगी'च म्हणत, तेही क्वचित.

"मेहरीन," फुफी म्हणाली. "मी ठरवलं हुतं. कुनी इचारलं न्हाई."

सव्वीस वर्षांत या घरात ते नाव कुणी ऐकलं नव्हतं. सुमैराने 'बानूची मुलगी' पुसलं आणि लिहायला घेतलं.

"झालं?"

"झालं. हे बघ."

फुफीला वाचता येत नव्हतं. ती त्या अक्षरांकडे बघत बसली. घरात कुणीतरी चहाला हाक मारली, पण ती उठली नाही. बघता बघता पडदा आपोआप काळा झाला.

"परत लाव," फुफी म्हणाली.