चष्मेवाली मास्तरीण

"उद्या तू बोलणार नाहीस. बस्स, फैसला झाला," मानसिंगराव म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे सारलं.

"सदाशिवरावांना मी हो म्हटलंय," सुधाताई म्हणाल्या. "आणि भात निवतोय."

"तर आता ना म्हणून कळव. तबियत खराब आहे म्हण. त्या पुजाऱ्याच्या पोराची आणि नवऱ्याची तुलना भरसभेत करणारी बायको या शिंदे की छावनी मोहल्ल्यात आजवर कुणी पाहिलेली नाही."

"तबियत चांगली आहे माझी."

मानसिंगराव उठले. हात न धुताच बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

रियासतीच्या फौजेत ते जमादार होते. रियासत विलीन झाली, फौजही गेली, आणि ते दाल बाजारात एका आडतीवर पोत्यांची देखरेख करू लागले. तिथे त्यांना 'ए मानसिंग' म्हणत. पण सदाशिवरावांच्या मराठी साप्ताहिकात त्यांची 'रिसालदार विक्रम' ही चित्रकथा सुरू झाली आणि छावनीतली माणसं वाटेत थांबून त्यांना रामराम घालू लागली. चित्रं दुसरा कुणी काढी. पण गोष्ट, आणि माणसांच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यांतला शब्द न् शब्द मानसिंगरावांचा. समोरच्याच पानावर मधुसूदनरावांचा 'गोविंदा टांगेवाला' असे. मधुसूदनराव एका पुजाऱ्याचे चिरंजीव, सचिवालयात कारकून. शहरातल्या सगळ्या लष्कर भागात या दोघांवरून भांडणं होत, आणि अंक त्यावरच खपे.

आता इथली राजधानी भोपाळला निघाली होती. कारकुनांची घरं बांधाबांध करत होती, वर्गणीदार तुटत होते. अंकाची पानं कमी करायची, तर एकाच चित्रकथेला जागा होती. सदाशिवरावांनी वाचकांची सभा ठरवली. कुणीतरी दोघांच्या लेखनाची तुलना करायची, मग हात वर करून निकाल. सुधाताई कंपू मोहल्ल्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवत आणि दर शनिवारी वर्गात दोन्ही कथा वाचून दाखवत, म्हणून त्यांना बोलावलं, असं सदाशिवराव म्हणाले. बायको बोलणार म्हटल्यावर गर्दी होईल, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुधाताईंनाही ते कळत होतं. पण इतक्या वर्षांत तुम्हाला काय वाटतं, असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. घरात तर नाहीच.

सभेत माणसं पायऱ्यांपर्यंत बसली होती. मानसिंगराव पहिल्या रांगेत, फौजेतल्यासारखे ताठ. पलीकडे मधुसूदनराव पान चघळत होते.

"गोविंदाची घोडी चौकात अडते," सुधाताई म्हणाल्या, "तेव्हा तो म्हणतो, 'चल गं माझे आई, लोक बघतायत.' आमच्या रिसालदाराला तहान लागते, तेव्हा तो म्हणतो, 'हे सेवका, सत्वर जल आण.'"

सभा खदखदून हसली. मधुसूदनरावांना ठसका लागला.

"मधुसूदनरावांची माणसं बोलतात. यांची माणसं भाषण करतात. माझ्या मुली एकीकडे हसतात आणि दुसरीकडे जांभया देतात."

पुढे त्या असंही म्हणाल्या की गोष्ट रचावी ती मानसिंगरावांनीच, गोविंदाला कथानक असं नाहीच. पण मागच्या बाकांवरून कुणीतरी "सत्वर जल आण!" असं ओरडलं आणि ते कुणाला ऐकूच आलं नाही.

मानसिंगराव उभे राहिले. "बहुत खूब," ते बायकोकडे बघून म्हणाले. "घरी जेवायला घालतेस आणि इथे जोडे मारतेस." ते निघून गेले. मागून हात वर झाले. गोविंदा जिंकला. रिसालदाराला निरोपाचा एक अंक मिळाला.

त्यानंतर घरात मानसिंगराव भिंतीशी बोलू लागले. "कुणीतरी पाणी ठेवावं." "कुणाचा तरी चष्मा माझ्या कागदांवर पडलाय." सुधाताई पाणी ठेवत, चष्मा उचलत. एकदा त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"चूप बसायला हवं होतं," ते भिंतीला म्हणाले.

रिसालदाराचा तो शेवटचा अंक आला त्या शनिवारी शिक्षिकांच्या खोलीत विमलने तो पर्सखाली दडवला. "ताई, आजचा नका पाहू. घाणेरडेपणा केलाय त्यांनी."

सुधाताईंनी तो ओढून घेतला.

रिसालदार विक्रम लढाई जिंकून घरी येतो. दार उघडते एक चष्मेवाली मास्तरीण, नाक लांबलचक, हातात पट्टी. तो विजयाची हकीकत सांगू लागतो. ती म्हणते, 'जोडे बाहेर. आधी हात धुवा. भात निवतोय.' शत्रू गडाला वेढा घालतो. मास्तरीण तटावर चढून त्यांच्या खलित्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढू लागते, आणि अख्खी फौज पळ काढते. शेवटी रिसालदारही मागच्या दरवाजाने घोडा काढतो. तटावरून ती ओरडत असते, 'अहो, डबा राहिला!'

सुधाताईंचे कान तापले. एकूण एक वाक्य त्यांच्या स्वयंपाकघरातलं होतं. त्यांनी पान पुन्हा वरपासून वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यांना हसू आलं. ते त्यांना आवरेना. विमल घाबरून बघत राहिली.

वर्गात मुली खाली माना घालून बसल्या होत्या. घरोघरी अंक पोचला होता. सुधाताईंनी चष्मा पुसला, नीट लावला आणि पहिल्या फुग्यापासून वाचायला सुरुवात केली. मास्तरणीचा आवाज काढावा लागला नाही. आधी एक मुलगी फिसकन हसली, मग सगळा वर्ग. रिसालदाराच्या कथेला तो वर्ग पहिल्यांदाच हसला.

घरी आल्या तेव्हा मानसिंगराव आडतीवर जायला निघत होते. अंक त्यांनी मुद्दाम दारातच ठेवला होता.

"वाचलं," सुधाताई म्हणाल्या. "तुमची सगळ्यात चांगली कथा आहे ही."

"ताने मारू नकोस."

"मी तोंडदेखलं बोलत नाही, हे तुम्हाला मालूम आहे. यातली ती बाई बोलते हो. खरंच बोलते."

मानसिंगरावांनी कित्येक दिवसांत पहिल्यांदा भिंतीकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा क्षणभर सैल पडला. मग जबडा पुन्हा आवळला.

"आता सांगतेस?" ते म्हणाले. "आता पान कुठंय?"

ते पायऱ्या उतरले. हवेत चांगलाच गारठा होता आणि त्यांचा गळा उघडा होता. सुधाताईंनी खुंटीवरचा मफलर काढला, दारात आल्या, हाक मारायला तोंड उघडलं. पण जे वाक्य ओठांवर आलं, ते फुग्यातलंच वाटलं. दुसरं शोधलं, तेही तसंच. समोरच्या ओट्यावरच्या बायका बघत होत्या. मानसिंगराव कोपऱ्यावरून वळले तरी त्या मफलर हातात धरून तशाच उभ्या होत्या.