रंग न धरणारी भिंत

“मॅडम, ग्रहणावर बोला, मंगळावर बोला, पाहिजे तं बॉम्बवर बोला,” भगवानराव म्हणाले, “पण ह्या भितीवर कायले बोलता?”

पुष्पाताई भिंतीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. सुटलेला रंग त्यांनी चमच्याच्या दांडीनं खरवडला, खालची पांढरी भुकटी परीक्षानळीत पाडली, बूच लावलं, नळीवर चिठ्ठी डकवली आणि मगच त्या उठल्या.

घाटंजीतलं ते संग्रहालय म्हणजे एक जुनं दगडी गोदाम. काही नाणी, मोडक्या मूर्ती, एक तोफगोळा आणि कुणीतरी शेतातून आणून दिलेला शंख रुतलेला दगड. इमारत भगवानरावांच्या आजोबांनी गावाला दिलेली; ती सांभाळणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष आता भगवानराव. दुष्काळात त्यांनी इथूनच लोकांना जोंधळा वाटला, असं दारावरच्या पाटीवर कोरलं होतं. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर पुष्पाताई राठोड महिन्यातल्या एका बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी, इथं फुकट व्याख्यान देऊ लागल्या. विषय रसायनाचा असे आणि इतिहासाचाही. तांब्याचं नाणं हिरवं का पडतं इथून सुरुवात करून त्या ते नाणं पाडणाऱ्या राजाच्या रिकाम्या खजिन्यापर्यंत पोचत. बाजार आटोपलेल्या बाया मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन सतरंजीवर बसत. एसटीची वेळ झाली की अर्ध्यातून उठत आणि पुढच्या खेपेला येऊन विचारत, मग काय झालं त्या राजाचं?

व्हरांड्यातली रस्त्याकडची ही भिंत रंग धरत नसे. दर दिवाळीला श्रावण पेंटर ती रंगवी आणि संक्रांतीपर्यंत पापुद्रे सुटत. श्रावण रंगात पाणी मारतो, असं सगळं गाव म्हणे. मध्ये ट्रस्टनं दुसरा पेंटर आणून पाहिला. त्याचाही रंग गळला, पण नाव श्रावणचंच वाईट राहिलं.

पुष्पाताईंचे वडील डोंगरसिंग बाजाराला आले की या भिंतीपाशी थांबत. आपल्या लमाण लोकांची लदेणी, म्हणजे माल लादलेल्या बैलांचा तांडा, इथं थांबायची, बैलांच्या पाठीवरच्या मिठाच्या गोण्या इथं उतरायच्या, असं ते लेकीला सांगत. तिनं ते शाळेत सांगितलं तेव्हा वर्ग हसला होता आणि गुरुजीही हसले होते. लमाणांचं कुठं गोदाम असतं काय, असं कुणीतरी म्हणालं. त्यानंतर तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. रसायन शिकली, शिकवलं, केस पांढरे झाले, वडील गेले. त्यांचं म्हणणं कुठल्याच पाटीवर आलं नाही.

भगवानराव वाईट माणूस नव्हते. उन्हाळ्यात व्याख्यानाला येणाऱ्यांसाठी माठ ते स्वतःच्या घरून भरून पाठवत. पण हे मिठाचं गोदाम होतं असं म्हटलं की आजोबांच्या जोंधळ्यावर पाणी पडेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मीठ आधी असेल, जोंधळा नंतर आला असेल, एका खोलीत दोन्ही मावतात, हे पुष्पाताईंनी सांगून पाहिलं.

“मावत असन,” ते म्हणाले. “पण हा विषय घेतला तं हॉल भेटनार नाही. ह्या खेपेला नाही अन् पुढंही नाही. पाहा मंग.”

घरी आल्यावर पुष्पाताईंनी परीक्षानळी खिडकीत ठेवली. इतक्या वर्षांची बसलेली घडी एका भिंतीपायी मोडायची का, असं त्यांनी आईला विचारलं. हंसाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

“तुह्या बापानं हॉलात सांगतलं होतं काय?” त्या म्हणाल्या. “भितीपाशीच सांगे ना? मंग भीत तं बाहेरच आहे.”

बाजाराच्या दिवशी दाराला कुलूप होतं आणि ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी चिठ्ठी. पुष्पाताईंनी ती वाचली आणि पिशवी व्हरांड्याच्या पायरीवर ठेवली. टेबल नव्हतं. श्रावणनं काही न विचारता आपली रंगकामाची घोडी आणून उभी केली, वर एक फळी टाकली. लोक रस्त्यावरच थांबले. सायकली आडव्या झाल्या. भगवानरावही आले आणि पानटपरीला टेकून उभे राहिले.

पुष्पाताईंनी भुकटी शुद्ध पाण्यात विरघळवली, गाळली. नितळ पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. पाणी पांढरं होऊन दुधासारखं फाटलं.

“हे मीठ आहे,” त्या म्हणाल्या. “ओलाव्याबरोबर भिंतीतून चढतं आणि थंडीत हवा कोरडी झाली की बाहेर येऊन खडे धरतं. खडा वाढतो आणि वरचा रंग ढकलून देतो. पेंटर कुणीही असू द्या.”

श्रावणकडं सगळ्यांच्या माना वळल्या. तो फळीकडं पाहत राहिला.

“मॅडम,” टपरीपासून आवाज आला, “ढोरायचं मूतही खारंच असते.”

लोक हसले. पुष्पाताईही हसल्या. हा प्रश्न त्या स्वतःलाच विचारून बसल्या होत्या. त्यांनी दुसरी नळी काढली. मागच्या भिंतीची भुकटी, जिथं गुरं बांधायच्या कड्या अजून आहेत. थेंब पडले. पाणी जरासं धुरकट झालं, एवढंच.

“फरक तुम्हीच पाहा, भगवानराव. आणि इकडचा हा पांढरा पट्टा फक्त छातीपर्यंत आहे. गोण्यांची थप्पी रचली की तेवढीच होते.” त्यांनी पहिली नळी उंच धरली. “इथं मीठ होतं, एवढंच नळी सांगते. ते कुणी आणलं, हे ती सांगत नाही. ते सांगणारी माणसं होती. त्यांना कुणी विचारलं नाही. वर्गात सांगितलं तर हसले. आज मी परत सांगते. ते माझ्या बापाच्या आजानं आणलं, लदेणीच्या बैलांवर. ज्याला हसायचं असेल त्यानं आधी नळी पाहावी.”

कुणी हसलं नाही. पुढच्या एका बाईनं मेथी खाली ठेवली आणि नळी हातात घेतली.

पुढच्या सभेत ट्रस्टनं व्याख्यानं बंद केली. पावसाळ्याआधी भिंतीला चकचकीत टाइल्स बसवल्या, खालपासून वरपर्यंत. पुष्पाताई तेव्हापासून बाजारातल्या कडुलिंबाखाली बोलू लागल्या. श्रावणची घोडी तिथं येते. माठ मात्र येत नाही.

थंडी पडली. लिंबाकडं जाताना एका संध्याकाळी मायलेकी त्या भिंतीजवळून चालल्या होत्या. टाइल्सच्या सांध्यासांध्यातून पांढरी रेघ उमटली होती, थेट छातीपर्यंत. तिच्या वर भिंत कोरी.

हंसाबाई थांबल्या. त्यांनी बोट ओलं केलं, एका रेघेवरून फिरवलं आणि जिभेला लावलं. मग पदर सारखा करून म्हणाल्या, “चाल. लोकं वाट पाहून राह्यले असन.”