मैनेचा खडा

पाय

सुलतानबीनं अंगठा काढून घेतला तरी खड्डा तसाच राहिला. बाबालालच्या नडगीवर, घोट्याच्या जरा वर, ओल्या मातीत कुणी बोट रुतवावं तसा.

"बगा," ती म्हणाली. "भरंना झालाय."

"भरंल की. त्याला काय कुठं गावाला जायाचं हाय?"

दोघं खड्ड्याकडं बघत बसले. चुलीवरचं पाणी उकळायला लागलं, तरी तो होता.

पागेत मात्र सगळे खूश होते. सरकारच्या, म्हणजे संस्थानिकांच्या, घोड्यांचे मोतद्दार म्हणजे घोड्यांच्या मागंपुढं पळून वाळलेली माणसं. त्यात हा बाबालाल पायानं पैलवान होत चालला होता. पागेचा जमादार केरबा त्याच्या पोटरीवर थाप मारायचा. "भाभी चोरून तूप चारती काय रं? आमच्या घरात बी शिकवाया लाव." बाबालाल हसायचा. पायताण बसेना तेव्हा त्यानं त्याचे पट्टे सैल करून घेतले. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. त्याचा बापही शेवटी असाच भरला होता. तेव्हा लोक म्हणाले होते, म्हाताऱ्याच्या अंगाला आता कुठं लागलं.

हकीम

"मीठ किती खाता?"

"लोक खात्यात तेवढंच."

"खोटं हाय, हकीमजी." सुलतानबी पदराआडून बोलली. "कालवणातलं ह्यास्नी लागतच न्हाय. वरनं घेत्यात. कांद्याला मीठ, पेरूला मीठ. परवा आंब्याला लावलं. पिकल्या आंब्याला!"

"आंबट होता."

"गूळ होता, गूळ."

हकिमानं पायावर बोट दाबलं, नाडी धरली, छातीला कान लावला. कान बराच वेळ तिथंच ठेवला. मग म्हणाला, "मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. आज ते पायात आहे. उद्या पोटात येईल, मग छातीत. मीठ बंद. चिमूटसुद्धा नाही."

"मग खायाचं काय?"

"जे खाता तेच."

"मिठाबिगर ते तेच कसं ऱ्हाईल, हकीमजी?"



चूल

सुलतानबीनं मिठाचं मडकं उचललं आणि भिंतीवरून शेजारच्या रत्नाबाईच्या हातात दिलं. "ठिऊन घे. ह्यांनी मागितलं तर दिऊ नगंस. मी मागितलं तरी दिऊ नगंस."

रत्नाबाई जैनाची, माहेर कुरुंदवाडचं. रविव्रत धरलं की त्या दिवशी मिठाला शिवायची नाही. ती म्हणाली, "त्यात काय? अळणी आमी बी जेवतो की. जीभ आदी रुसती, मग गप बसती. आमसूल जरा जास्त टाक. तीळ भाजून कूट कर. कोथमिरीला हात आखडू नगंस."

पहिल्या घासाला बाबालाल थांबला.

"काय हाय हे?"

"आमटी."

"व्हय? मला वाटलं हात धुवाया दिलंस."

ती हसली, तोही हसला. मग त्याचं लक्ष तिच्या ताटलीकडं गेलं. त्याच भांड्यातली आमटी.

"तुला काय झालंय? तू घे की घालून."

"एका घरात दोन कालवणं करत न्हाय मी."

त्यानं ताटली जवळ ओढली. भांडं पुसून खाल्लं.

भिंत

तरीही सूज उतरेना. ती गुडघ्यापर्यंत चढली.

"रत्ना, खरं सांग. लोणचं देतीस न्हवं ह्यास्नी?"

"मी?"

"मग कोण? दुसरी कुणाची भिंत हाय आमाला?"

"अगं, तुझ्या नवऱ्याला लोणचं दिऊन मला काय मिळायचंय? त्यो परवा आलता मागाया, व्हय. माझ्या सासूबाईंनी असं फाडलं त्याला, पार गल्लीच्या टोकापत्तर ऐकाया गेलं. तूच तेवढी बहिरी."

"मग कुठनं येतंय मीठ?"

"मला काय इचारतीस? दिसभर असतंय कुठं माणूस, तिथं जाऊन बग."

पागा

दुपारची भाकरी ती रोज पागेच्या दारात पहारेकऱ्याकडं देऊन परतायची. त्या दिवशी आत गेली.

मैना नावाच्या म्हाताऱ्या घोडीच्या ठाणापाशी बाबालाल पाठमोरा उभा होता. त्यानं पटक्याच्या पदरातून शेंदेलोणाचा खडा काढला. लिंबाएवढा, झिजून गुळगुळीत झालेला. तो त्यानं चांगला लांबवर चाटला, दाढेखाली धरून कुरतडला, गिळला आणि मैनेसमोर जीभ बाहेर काढून दाखवली. मग खडा तळहातावर ठेवून पुढं केला. मैनेनं चाटला. त्यानं पुन्हा तोंडात घातला. पुन्हा तिला. एक तुला, एक मला. कुठलीच घाई नाही. दोघांचे डोळे अर्धे मिटलेले.

सुलतानबीच्या हातातली भाकरी गार झाली.

तेच, मैनेच्या बाजूनं

मैनेला हकीम माहीत नव्हता.

तिला एवढंच माहीत होतं: ती शिंगरू असताना, प्लेगच्या साली, गाव उठून माळावर झोपड्यांत गेलं होतं आणि पागेत माणसं कमी होती. तिच्या पोटात शूळ उठला. कुणीतरी मिठाच्या खड्याला कडू औषध चोपडून तिच्या तोंडाला लावलं. त्यानंतर तिनं हातावरचं काहीच घेतलं नाही. आधी मीठ सोडलं, मग पाणीही सोडलं. उभी राहायची, मान खाली घालून. तेव्हा एक माणूस तिच्यासमोर बसला, त्यानं खडा स्वतः चाटला आणि जीभ दाखवली.

तेव्हापासून आधी तो, मग ती.

बोलणं

"सोडा ते."

"मी सोडलं की ती सोडती. करून बगितलं मी मधी एकदा. तोंड फिरवून उभी ऱ्हायली, पाण्याला शिवंना. थकलीया आता. पुन्ना शूळ उठला तर ऱ्हायची न्हाय."

"दुसऱ्या कुणाला चाटाया सांगा."

"केरबानं चाटलं. चावली त्याला."

"आनि तुमी ऱ्हायला न्हाईसा तर?"

बाबालालनं मैनेच्या आयाळीत अडकलेली गवताची काडी काढली. "जनावर हाय गं. तिला काय सांगू? हकीम न्हाय म्हंतोय म्हणून?"

सुलतानबी ज्या गोष्टी बोलली नाही, त्या अशा: मी रोज अळणी गिळते. माझ्यापेक्षा घोडी मोठी का? माझ्यासमोर कधी जीभ काढून दाखवलीत?

ती म्हणाली, "भाकरी खावा."

घोंगडं

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती बाबालालचं घोंगडं पांघरून. त्याला घोड्याचा, तंबाखूचा आणि त्याचा वास होता.

केरबा आडवा आला. "भाभी, पागंत बाईमाणूस? सरकारच्या कानावर गेलं म्हंजे?"

"सरकारास्नी सांगा, घोडीला चाटवायला माणूस ठेवलाय. पगार नगं."

"चावंल ती."

"तुमाला चावली म्हणून सगळ्यास्नी चावंल व्हय? तुमी चावण्याजोगंच हाईसा."

मोतद्दार हसले. केरबा बाजूला झाला.

तिनं खडा चाटला. इतक्या दिवसांच्या अळणी तोंडात मीठ विस्तवासारखं लागलं. डोळ्यांत पाणी आलं. तिनं जीभ दाखवली. मैनेनं मान वळवली.

बाबालालला दाराबाहेर, भिंतीआड उभं केलं होतं. तो दिसला असता तर मैनेनं त्याचीच वाट पाहिली असती. तिथून तो हळूच विचारायचा, "घेतलं?" आत सुलतानबी नुसती मान हलवायची. ती त्याला दिसायची नाही, पण कळायचं. पुन्हा उद्या. पुन्हा तेच घोंगडं, तोच खडा, तीच वळलेली मान. एकदा मैनेनं तिचा पदर चावून फाडला. सुलतानबीनं तो शिवला आणि तेच लुगडं नेसून आली.

एके सकाळी मैनेनं घोंगडं हुंगलं, तिचं तोंड हुंगलं, हात हुंगला. मग खरखरीत जीभ तळहातावरून फिरली.

"घेतलं?"

"घेतलं."

 ती बाहेर आली तेव्हा बाबालाल हौदावर होता. तोंडावर पाणी मारत होता. एकदा, पुन्हा एकदा.

संध्याकाळी जेवताना म्हणाला, "गेली घोडी तुझ्याकडं."

"तुमचीच हाय. मी निस्ती चाटतो."

"वाढ अजून थोडी आमटी," तो म्हणाला. "आज जरा आमटीगत लागतीया."

पाय, पुन्हा

पावसाळ्यात सूज उतरली. ती रोज अंगठा दाबायची. आता पाणी उकळायच्या आत खड्डा भरून यायचा. पायताणाचे पट्टे त्यानं पुन्हा आवळले. केरबा म्हणाला, "पैलवानकी गेली की रं." मुख्य म्हणजे तो आडवा झोपायला लागला. पाय पसरून, तोंड उघडं टाकून, घोरत. सुलतानबी जागी राहून ते ऐकायची.

हकिमानं मात्र पुन्हा छातीला कान लावला आणि पुन्हा तो तिथंच ठेवला. आतलं जे वर्षानुवर्षं झिजलंय, ते भरून येत नाही, असं तो सुलतानबीला दाराशी म्हणाला. बाबालालला सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

हिवाळ्यात एका सकाळी तो उठला नाही. आडवाच होता, कुशीवर, हात उशाखाली.

मयताच्या घरात चूल पेटत नाही. रत्नाबाईनं भिंतीवरून भात-आमटी दिली. सुलतानबीनं घास घेतला आणि थांबली.

"खारट झालं व्हय गं?"

"न्हाय. बरुबर हाय. कालवणातलं मीठ मीच इसरलोय."

रत्नाबाईनं आत जाऊन मिठाचं मडकं आणलं, भिंतीवर ठेवलं. ते तिथंच राहिलं.

दार

नवरा गेल्यावर इद्दतीत बाई उंबरा ओलांडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. चार महिने तरी नाही. मैनेला इद्दत माहीत नव्हती.

म्हणून एका सकाळी पेठेतल्या लोकांनी पाहिलं, की जमादार केरबा म्हाताऱ्या घोडीला हळूहळू चालवत गल्लीतून आणतोय. घोडीच्या बरगड्या दिसत होत्या. तो बाबालालच्या दारासमोर थांबला आणि पाठ करून उभा राहिला.

"भाभी, खाईना झालीया. पाण्याला बी तोंड लावंना."

दार अर्धं उघडलं. आतून घोंगड्यातला हात बाहेर आला, त्यावर खडा. सुलतानबीनं तो आधीच चाटला होता. उंबऱ्याच्या आतून तिनं पुन्हा चाटला, मैनेला दिसेल असा.

मैनेनं हात हुंगला. घोंगडं हुंगलं. मग मान उंच करून तिच्या खांद्यावरून घरात पाहिलं. जिथं तो भिंतीला टेकून बसायचा, त्या कोपऱ्याकडं. कान पुढं टवकारले आणि तशीच उभी राहिली.

सुलतानबीनं घाई केली नाही. हात तसाच पुढं धरून तीही त्या कोपऱ्याकडं पाहत राहिली.