नारळ आधी फुटला

मी एक जुनं अंगठ्याचं मशीन आहे. धाड नावाच्या मोठ्या गावाजवळच्या एका खेड्यात, पंजाबरावांच्या रेशन दुकानात, काट्याशेजारच्या फळीवर मी असतो.

मित्रांनो, माझी परीक्षा शहरातल्या थंडगार खोलीत झाली. तिथल्या बाबूंचे मऊ अंगठे मी झटक्यात ओळखले. लगेच माझ्यासारखी हजारो मशीनं विकत घेतली गेली. इथे आलो तेव्हा हार घातला, नारळ फोडला. माझा दिवा लागला, तेवढ्यावर ‘मशीन चालू’ अशी सही झाली. कंपनीचं बिल निघालं.

मग खरे हात आले. निंदण करून, कापूस वेचून तानाबाईच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या होत्या. ती पदराला अंगठा पुसायची, पुन्हा लावायची. मी लाल दिवा दाखवायचो.

“मीच तानाबाई, अन् हे मले नाही म्हन्ते!” ती हसायची आणि रिकामी पिशवी घेऊन परत जायची.

झिजलेले ठसेही वाचेल अशी काच धाडच्या कारागिरानं मला बसवली असती. पण मला उघडायचा हक्क करारात फक्त कंपनीला होता. कंपनीचा माणूस कधी आलाच नाही.

तानाबाई उन्हाळ्यात वारली. परवा त्याच कंपनीचे साहेब नवं मशीन घेऊन आले. या वेळी रेशनवर लक्ष ठेवणाऱ्या गावच्या दक्षता समितीचीही सही लागणार होती. समितीत तानाबाईचा नवरा आहे, कचरूदादा.

पंजाबरावांनी नारळ उचलला.

“थांबा,” रांगेतल्या म्हातारीकडे बोट दाखवत कचरूदादा म्हणाले. “आंधी कौशल्याबाईचा अंगठा लावा.”

“बाबा, सगळीकडे सह्या झाल्यात. तुमचंच गाव अडलंय,” साहेब म्हणाले.

“अडू द्या. मायी तानी अंगठा पुसू पुसू गेली. तिची सही कोनं घेतली व्हती?”

कौशल्याबाईंनी आपला झिजलेला अंगठा नव्या मशीनवर लावला. लाल. पुन्हा लावला. लाल.

कचरूदादांनी पेन खाली ठेवला. “न्या वापस. आमच्या हातानं चालंन, गावात दुरुस्त व्हईन, असं लिहून आना. मंग सही. पैसे बी मंगच.”

“तोवर धान्याचं काय?” पंजाबरावांनी विचारलं.

“काऊन? कौशल्याबाईचं तोंड वळखत नाही का तुम्ही?”

पंजाबरावांनी काट्यावर गहू ओतला.

मित्रांनो, यंत्राची काळजी ते विकत घेतानाच घ्यावी लागते. ज्यांच्यासाठी घेता, त्यांच्या हातांनी आधी तपासा. तो नारळ अजून माझ्याशेजारी आहे, शेंडीसकट. तो फोडायची घाई आता कोणालाच नाही.